डी नंतर थेट एफ

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी तिची परवानगी घेतली आहे.)

ती लॅपटॉप उघडूनच समोर बसली. नऊ विद्यापीठांची यादी होती, एक्सेलमध्ये नीट आखलेली: नाव, अभ्यासक्रम, फी, हॉस्टेल, पुढे नोकरीच्या संधी. माझी नजर वरच्या अक्षरांवर गेली. ए, बी, सी, डी आणि मग थेट एफ.

"ई कुठे गेला?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग माउस फिरवून तिने लपवलेला रकाना उघडला. जांभळा रंग, आणि वर एकच शब्द: 'आयुष्य'.

"मॅडम, मला मुली आवडतात. घरी माहीत नाही. पण तिथे कोणी भेटेल का, मैत्रिणी होतील का, हे बघून कॉलेज निवडायचं म्हणजे थिल्लरपणाच ना?"

प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न शब्द बदलून माझ्याकडे येतोच. थिल्लरपणा मुळीच नाही. ज्या मुलींना मुलगे आवडतात त्यांचा हा रकाना आधीच भरलेला असतो, म्हणून त्यांना तो आखावा लागत नाही, इतकंच. तीन-चार वर्षं जिथे राहायचं तिथे संध्याकाळी कोणाबरोबर बसायचं, हा अभ्यासाइतकाच खरा प्रश्न आहे. एकटी पडलेली मुलगी अभ्यासही धड करत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

चूक होती ती गुण देण्याच्या पद्धतीत. वेबसाइटवर समलिंगी चळवळीच्या इंद्रधनुषी झेंड्याचा फोटो असला की आठ गुण, आणि फक्त मुलींचं कॉलेज असेल तर दहापैकी दहा! अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजसारख्या काही महिला महाविद्यालयांत मुली आवडणाऱ्या मुलींना मोकळं वाटतं अशी ख्याती आहे, हे खरं. पण मुलींची गर्दी म्हणजे आपल्यासारख्यांची सोबत नव्हे. काही ठिकाणी तिथलाच पहारा सगळ्यांत कडक असतो.

मी तिला एक काम दिलं. यादीतल्या तीन विद्यापीठांच्या क्विअर, म्हणजे समलिंगी आणि तशा इतर, विद्यार्थ्यांच्या गटांना नवा, नाव नसलेला ईमेल पत्ता काढून एकच प्रश्न विचारायचा: 'मी घरी सांगितलेलं नाही. तुमच्याकडे आले तर माझं नाव कुठे लिहिलं जातं, फोटो कुठे जातात?'

प्रश्न जुनाच आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 'स्टुडंट होमोफाइल लीग' हा समलिंगी विद्यार्थ्यांचा गट स्थापन होत होता तेव्हा विद्यापीठाने मान्यतेसाठी सभासदांची नावं मागितली होती. नावं द्यायची कोणाची हिंमत होईना. शेवटी विद्यार्थ्यांमधल्या काही नावाजलेल्या पुढाऱ्यांनी नावापुरतं सभासदत्व घेतलं आणि १९६७ साली मान्यता मिळाली. यादीची धास्ती तेव्हाही होती, आजही आहे. आता यादीच्या जागी व्हॉट्सअॅप ग्रुप आला आहे आणि त्यात फोन नंबर सगळ्यांना दिसतो.

दोन आठवड्यांनी ती पडेल चेहऱ्याने आली. एका गटाचं उत्तरच नव्हतं. दुसऱ्याचं उत्तर फलकावर शोभेल असं: आमच्याकडे सर्वांचं स्वागत आहे, वगैरे. तिसरं एका मुलीने लिहिलेलं, चांगलं पानभर. मंगळवारी आम्ही सहा जणी भेटतो, इतर गटात मुलगेच जास्त, म्हणून आमची वेगळी बैठक. दोघी एकमेकींच्या आहेत, एक सतत विणकाम करते. नाव लिहून घेत नाही, फोटो काढत नाही. शहरातल्या दुसऱ्या विद्यापीठातल्या मुलीही येतात. डेटिंगच्या नावाने मात्र खडखडाट, ते आधीच सांगते.

"सहाच जणी, मॅडम."

मला तर ते पत्र वाचून हायसं वाटलं होतं. ज्या गटातली मुलगी अनोळखी मुलीला खडखडाटसुद्धा कळवते, तिथे जायला हरकत नसावी.

पण सहा हा आकडा खरंच लहान आहे. माझ्याकडे येणाऱ्या तरुण लेस्बियन मुलींपैकी बऱ्याच जणींचं दुखणं जोडीदार न मिळण्याचं नसतं. ते सुरू होतं नातं तुटल्यावर. गटातल्याच मुलीशी जुळतं, आठ महिन्यांनी बिनसतं, आणि मग तिच्याबरोबर मंगळवारची बैठकही जाते. मैत्रिणी दोघींच्याच असतात, कोणाची बाजू घ्यायची म्हणून त्याही चाचरतात. लहान तळ्यात सगळ्या एकमेकींच्या 'आधीच्या' असतात. यावर मला एकच उपाय ठाऊक आहे: अशी दुसरी जागा, जिचा या कशाशी संबंध नाही. गायनाचा गट, फुटबॉल, गिर्यारोहण, काहीही. अशी जागा तिच्या रकान्यात कुठेच नव्हती. ती शाळेत हॉकी खेळायची, हेही मला तिसऱ्या भेटीत कळलं.

बाकीचं मी थोडक्यात सांगितलं. परदेशाचा अर्ज असेल तर तिथला कायदा आधी बघ. नेदरलँड्समध्ये २००१ पासून, तैवानमध्ये २०१९ पासून समलिंगी विवाह आहे. भारतात २०१८ मध्ये असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले, पण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहाची मान्यता दिली नाही. आणि साठाहून अधिक देशांत असे संबंध आजही गुन्हा आहेत. डेटिंग अॅपवर अंतर दिसू देऊ नकोस, 'दोनशे मीटरवर' एवढ्यावरून हॉस्टेल कळतं. पहिली भेट दिवसाढवळ्या, माणसांत, आणि कोणातरी एकीला सांगून.

फीबद्दल मात्र मी सविस्तर बोलले. पैसे आईबाबा भरणार होते. उद्या घरी कळलं आणि पैसे थांबले तर काय, हे आत्ताच मोजायचं. शिष्यवृत्ती आहे का, शिकता शिकता काम करता येतं का, खोली बदलून मिळते का. हे रकाने उघडपणे ठेवता येतात, कोणाला संशयही येत नाही.

तिने सहा जणींचं विद्यापीठ घेतलं नाही. तिथला अभ्यासक्रम तिला पसंत नव्हता. त्याच शहरातलं दुसरं घेतलं, बसने वीस मिनिटांवर, हॉकीचं मैदान असलेलं.

शेवटच्या भेटीत जायला उठता उठता म्हणाली, "काल फी बघायला आई शेजारी बसली होती. म्हणाली, हा ई कुठे गेला गं?"

"मग?"

"म्हटलं, नको असलेला आहे. तर म्हणाली, नको असता तर काढून टाकला असतास, लपवला कशाला? आणि लगेच फीची बेरीज करायला लागली." दाराशी थांबून तिने विचारलं, "याचा अर्थ काय असेल, मॅडम?"

मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं.