बेताच्या पैशांत .२२ ची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घ्यायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की शिकार करायची नाही, स्पर्धेतही उतरायचे नाही, फक्त सुटीच्या दिवशी रेंजवर २५ ते ५० मीटरवरून कागदी लक्ष्यांवर नेमबाजी करायची आहे आणि त्यासाठी .२२ ची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (चापाभोवतीची लिव्हर खाली-वर करून काडतूस भरायची) हवी आहे. साधी हेन्री, तिचीच सोनेरी बहीण ‘गोल्डन बॉय’, रॉसीची ‘रिओ ब्राव्हो’ आणि एखादी जुनी मार्लिन यांत तुमचे मन अडकले आहे. परवान्याची आणि रेंजच्या सदस्यत्वाची पूर्तता झाली आहे असे तुम्ही लिहिलेच आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो: साधी हेन्री घ्या आणि वाचलेले पैसे काडतुसांकडे वळवा. हे मत कशावर बेतलेले आहे ते खाली सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. लक्ष्यावर गोळ्यांचा घट्ट झुबका पाडणे हेच तुमचे एकमेव उद्दिष्ट असेल, तर तेवढ्याच पैशांत बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (हाताने मागे-पुढे सरकवायच्या दांड्याने काडतूस भरणारी) अधिक अचूक मिळते, कारण तिचा चाप सहसा हलका व स्वच्छ सुटतो आणि नळीला मॅगझिनच्या (काडतुसांच्या साठ्याच्या) नळकांड्याचा व त्याच्या पट्ट्यांचा जाच नसतो. शिवाय टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून नेम धरणाऱ्याला लिव्हर अडचणीची ठरते. ती खाली उघडते, टेबलाला आपटते, आणि प्रत्येक गोळीनंतर रायफल उचलून पुन्हा जागेवर आणावी लागते. लिव्हरची खरी मजा उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून नेमबाजी करण्यात आहे, जिथे दस्ता खांद्यावरून न हलवता आणि लक्ष्यावरची नजर न काढता पुढचे काडतूस भरता येते. डावखुऱ्यांनाही ही रचना सोयीची पडते. हे वर्णन वाचून तुम्हाला अजूनही लिव्हरच हवीशी वाटत असेल, तर पुढे वाचा.

काडतुसाच्या बाबतीत फार विचार करू नका: .२२ लाँग रायफल. १८८७ पासून चालत आलेले हे काडतूस अत्यंत स्वस्त आहे, धक्का जवळजवळ देत नाही आणि ५० मीटरपर्यंत कागदावर भोके पाडायला पुरून उरते. १९५९ साली आलेल्या .२२ मॅग्नमची रायफल त्याच मॉडेलमध्ये मिळते म्हणून मोहात पडू नका, कारण तिचे प्रत्येक काडतूस कितीतरी महाग पडते आणि त्या जादा ताकदीचा कागदावर काहीच उपयोग नसतो. मॅग्नमचे काडतूस जाड असते, त्यामुळे तिच्या चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या पोकळीत) स्वस्तातले लाँग रायफल भरून भागवता येईल अशी समजूतही ठेवू नये. तसे करणे धोक्याचे आहे. याउलट लाँग रायफलसाठी बनवलेल्या बहुतेक लिव्हर रायफलींत .२२ शॉर्ट आणि .२२ लाँग ही आखूड काडतुसेही चालतात. नळीवर काय कोरले आहे ते मात्र वाचून घ्या.

आता हेन्री. आजची ही अमेरिकी कंपनी १९९६ मध्ये ब्रुकलिनमध्ये सुरू झाली. १८६० साली पेटंट मिळवणाऱ्या बेंजामिन टायलर हेन्रीचे फक्त नाव तिने घेतले आहे, जुन्या कारखान्याचा वारसा तिच्याकडे आलेला नाही. एच००१, म्हणजेच वर म्हटलेली साधी हेन्री, हे तिचे पहिले मॉडेल. नळी सुमारे साडेअठरा इंचांची, वजन अडीच किलोच्या आत, मॅगझिनमध्ये लाँग रायफलची १५ काडतुसे. हिच्यावर होणारी टीका अशी की आतला सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो आणि वरचे काळे कवच हे फक्त स्क्रूने बसवलेले रंगीत आवरण असते. टीका खरी आहे, पण .२२ रिमफायरच्या (बुडाच्या कडेवर आघात होऊन उडणाऱ्या काडतुसाच्या) कमी दाबाला ही रचना पुरते, आणि तिची लिव्हर या किमतीच्या रायफलींत सर्वांत मऊ चालते असे माझे मत आहे. स्वतंत्र सेफ्टी बटण तिला नाही. हॅमर (बार उडवणारा घोडा) पाव कॉकवर, म्हणजे थोडासाच मागे ओढलेल्या स्थितीत, ठेवायचा असतो, आणि भरलेल्या चेंबरवर तो अंगठ्याने हळूच खाली आणण्याची क्रिया घामेजलेल्या हाताने करायची नसते. ती आधी रिकाम्या रायफलीवर घोटून घ्यावी.

‘गोल्डन बॉय’विषयी थोडक्यात: तिची आतली यंत्रणा जवळपास तीच आहे. अष्टकोनी नळी, जास्त वजन आणि पितळासारखे चमकणारे, पण भरीव पितळ नसलेले कवच यांसाठी जास्त पैसे मोजावे लागतात. जड नळी उभ्याने नेम धरताना स्थिर राहते हा एक खरा फायदा आहे. मात्र दुर्बीण लावायची झाली तर एच००१ च्या कवचावर खाचा तयार असतात, तर ‘गोल्डन बॉय’ला नळीवर बसणारा वेगळा माउंट विकत घ्यावा लागतो. ब्राझीलमध्ये बनणारी ‘रिओ ब्राव्हो’ ही साध्या हेन्रीची सरळ प्रतिस्पर्धी आहे. लाकडी आणि पॉलिमर अशा दोन्ही दस्त्यांत ती मिळते, मॅगझिन तेवढेच मोठे आहे आणि शिवाय आडवे सेफ्टी बटणही आहे. दोन्ही समोर असतील तर लिव्हर दहा वेळा हलवून बघा आणि जिची चाल कमी खरखरते ती घ्या. जपानमध्ये मिरोकूच्या कारखान्यात तयार होणारी ब्राउनिंग बीएल-२२ मला या सगळ्यांत सरस वाटते, कारण तिची लिव्हर फक्त ३३ अंश फिरते आणि चाप लिव्हरसोबतच खाली जातो, त्यामुळे बोट चिमटत नाही. पण ती ‘परवडणारी’ या शब्दात बसत नाही.

जुन्या मार्लिनचा मोह मात्र मी समजू शकतो. ३९ए हे मॉडेल १९३९ चे, आणि त्याची वंशावळ १८९१ च्या रायफलीपर्यंत जाते. रिसीव्हर (यंत्रणा बसवलेला मधला भाग) पोलादाचा, वरून बंद, रिकामी पुंगळी बाजूने बाहेर. उजवीकडचा एक मोठा स्क्रू नाण्यानेही सैल करता येतो आणि रायफलीचे दोन भाग होतात; मग बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा तुकडा) काढून नळी मागच्या बाजूने साफ करता येते, ही सोय हेन्रीत नाही. चांगल्या अवस्थेतली ३९ए स्वस्तात मिळाली तर माझा वरचा सल्ला बाजूला ठेवा आणि ती घ्या. फक्त दोन भाग जोडल्यावर सांध्यात हालचाल जाणवते का, नळीच्या तोंडाची कड कुठे ठेचली आहे का, आणि पुंगळी दर वेळी नेटाने बाहेर फेकली जाते का, एवढे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. रिमफायर रायफलीत फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. रिकाम्या चेंबरवर वारंवार चाप ओढला गेला असेल तर काही रायफलींत चेंबरच्या कडेला खड्डा पडलेला दिसतो, तोही टॉर्च लावून पाहा.

दुर्बीण लगेच घेऊ नका. फोरसाइटचा (पुढच्या नेमखुणेचा) मणी आणि बॅकसाइटची (मागच्या नेमखुणेची) खाच यांवर नजर बसली की २५ मीटरवर पुरेसे समाधान मिळते, आणि नंतर हवी असेल तर पीप साइट (बारीक भोकातून पाहून नेम धरायची) लावल्याने लिव्हर रायफलीची चपळाईही जात नाही. दुर्बीणच घ्यायची तर रिमफायरसाठी बनवलेली घ्या. तिचे पॅरलॅक्स (डोळा हलला की नेमखूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याचा दोष) साधारण ४५ मीटरला जुळवलेले असते, मोठ्या रायफलींच्या दुर्बिणींचे ९० मीटरच्या आसपास. हॅमरवर अंगठा पोहोचावा म्हणून त्याला बाजूने जोडायचा छोटा खुंटाही सोबत लागेल.

वाचलेले पैसे काडतुसांवर खर्च करा असे मी म्हटले, त्यामागे कारण आहे. .२२ ची प्रत्येक नळी स्वतःच्या आवडीनिवडी घेऊन येते, आणि एका जातीच्या काडतुसाने विखुरलेला झुबका दुसऱ्या जातीने निम्म्यावर आलेला मी पाहिला आहे. सुरुवातीला चार-पाच प्रकारांची एकेक पेटी घ्या आणि प्रत्येकाचा झुबका ५० मीटरवर, त्याच स्थितीतून, वेगवेगळ्या कागदावर पाडा. ४० ग्रेन वजनाची स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी सुमारे ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने, म्हणजे ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाने निघते. हाय व्हेलॉसिटी गोळी ध्वनीच्या वर निघून वाटेत त्याच्या खाली उतरते आणि त्या संक्रमणात थोडी डगमगते. म्हणून कागदासाठी पहिला मान स्टँडर्डला द्या.

मॅगझिन भरण्याची पद्धत हातात बसवून घ्या. खाचा पाडलेली टोपी फिरवून आतले पितळी नळकांडे वर ओढायचे, ते भरण्याच्या खिडकीपलीकडे गेले की काडतुसे बुडाकडून एकेक सोडायची, आणि स्प्रिंगच्या विरोधात नळकांडे खाली दाबून पुन्हा अडकवायचे. हे सगळे नळीच्या तोंडाजवळ चालते, त्यामुळे आधी लिव्हर उघडून चेंबर रिकामे पाहा आणि तोंडावर हात किंवा चेहरा येऊ देऊ नका. लिव्हर नेहमी पूर्ण उघडा. अर्धवट हलवलेली लिव्हर हेच अडकलेल्या काडतुसाचे नेहमीचे कारण असते. चाप ओढूनही बार उडाला नाही तर रायफल अर्धा मिनिट लक्ष्याकडेच रोखून ठेवा. हेन्रीची नळी सळईने पुढूनच साफ करावी लागत असल्याने सळईऐवजी मागून आत सोडून पुढे ओढायची साफसफाईची दोरी वापरा, म्हणजे तोंडाची कड शाबूत राहील, आणि शिसे हाताळल्यामुळे रेंजवरून निघताना साबणाने हात धुवा.