आठवीतल्या मुलीला ध्रुवीय मोहिमेवर पाठवता येईल का?

पुण्यातल्या शाळेतून थेट अंटार्क्टिकाला, हवामानबदल शिकायला? आपल्या सरकारी मोहिमांत (अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही संशोधन केंद्रं, आर्क्टिकमधलं हिमाद्री) शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि मदतीची माणसंच जातात. कॅनडातली 'स्टुडंट्स ऑन आइस' ही संस्था शाळकरी मुलांना ध्रुवांकडे नेत आलीय, पण अशा सफरींचा खर्च ऐकून घाम फुटतो. शिवाय एवढं विमान उडवून कार्बनचा धडा घ्यायचा, गंमतच!

त्यापेक्षा घरी दोन ग्लास घ्या. एकात पाण्यावर तरंगता बर्फ. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकावणारा दगड, त्यावर बर्फ. पाण्याच्या पातळीवर स्केचपेननं रेघ मारा आणि बर्फ वितळू द्या. कोथरूडला आमच्या ओट्यावर भाचीनं हे केलं. पहिल्यात पाणी रेघेवरच राहिलं, दुसऱ्यात रेघ बुडाली. "म्हणजे जमिनीवरचा बर्फ वितळला की समुद्र वाढतो?" तिनंच विचारलं.

मग बुडबुड्यांची गोष्ट सांगा. अंटार्क्टिकाच्या बर्फात ८ लाख वर्षांपूर्वीपर्यंतची हवा अडकलेली सापडलीय. औद्योगिक काळापर्यंत तिच्यात कार्बन डायऑक्साइड साधारण ३०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख कणांमागे ३००) आतच होता. आज ४२० च्या पुढे आहे.

आणि पाषाणला आयआयटीएम, म्हणजे हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था, आहे की! २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाआधी शाळेमार्फत तिथं भेटीची चौकशी करा, रिक्षाच्या भाड्यात काम होईल.