प्रवासाचा शीण, की आणखी काही?

प्रश्न : माझ्या आईचं वय ६४. स्तनाचा कॅन्सर यकृतापर्यंत गेला आहे. कॅपेसिटाबिनच्या (केमोच्या) गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू आहेत. दोन महिने भावाकडे न्यू जर्सीला राहून ती परवाच परतली. दिवसा झोपते, रात्री टक्क जागी असते. गोळ्यांच्या वेळा विस्कटल्या आहेत. दोन्ही पाय सुजलेत, डावा जरा जास्तच. शेजारपाजारचे म्हणतात, शीण आहे, तेल लावून पाय चेपून दे. देऊ का? (कोथरूड)

उत्तर : नको. आधी डावा पाय आजच्या आज दाखवा, बाकीचं त्यानंतर. (तुम्हाला हे फोनवर कळवलंच आहे. इतर वाचकांसाठी सविस्तर लिहीत आहोत.)

पंधरा तासांचं विमान आणि वर मुंबईहून टॅक्सीचे चार तास, एवढं बसल्यावर पाय सुजतातच. पण ती सूज दोन्हीकडे साधारण सारखी असते आणि पाय उशीवर उंच ठेवले की दोन-तीन दिवसांत उतरते. एका पायाची सूज वेगळी. कॅन्सरमध्ये रक्त गोठण्याकडे कल असतो, त्यात तासन्‌तास बसणं आणि कमी पाणी पिणं यांची भर पडते आणि पोटरीच्या खोल शिरेत गुठळी धरते. हा धोका प्रवासानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असला, तरी आठेक आठवडे मागे राहतो. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजा. फरक ३ सेंटिमीटरहून जास्त असेल, किंवा फरक नसूनही पोटरी दुखत असेल, गरम लागत असेल, तर त्याच दिवशी पायाचा कलर डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायचा. चेपल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून तेलाची वाटी बाजूलाच राहू द्या. दम लागला, छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसलं तर डॉपलरची वाट न पाहता १०८.

तळपायही पाहा. ते लाल होऊन चुरचुरत असतील, सोलत असतील तर दोष बुटांचा नाही, गोळीचा आहे. गरम पाणी आणि अनवाणी चालणं टाळा, युरिया असलेलं क्रीम लावा. दुखायला लागलं तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, कारण बहुतेकदा डोस थांबवावा किंवा कमी करावा लागतो. दिवसाला नेहमीपेक्षा चार किंवा जास्त जुलाब झाले तरी तसाच लगेच फोन. अशा वेळी ओआरएसचं लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच कालवा, पेल्यात नाही.

वेळांचा गुंता दिसतो तेवढा मोठा नाही. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तिथले सकाळ-संध्याकाळचे आठ इथे संध्याकाळ-पहाटेचे साडेपाच होतात. सरकवायचे फक्त अडीच तास. पहिल्या दिवशी साडेसहा, दुसऱ्या दिवशी साडेसात, तिसऱ्या दिवशी आठ. गोळी खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते आणि पहाटे साडेपाचला कुणाला पोळी गिळवत नाही, म्हणून हा खटाटोप. चुकलेला डोस चुकला. भरपाई म्हणून दोन डोस एकत्र कधीही देऊ नका.

झोपेसाठी सकाळचं ऊन घ्या असं सगळे सांगतात, पण इथे पहिले तीन-चार दिवस ते उलट काम करतं. शरीराला आपली दुपारची दीड-दोनची वेळ पहाटेसारखी वाटते, आणि त्याआधीचा उजेड झोप आणखी पुढे ढकलतो. म्हणून आईला दुपारी तीन-साडेतीननंतर बाल्कनीत बसवा आणि मग रोज तासाभराने अलीकडे या. दुपारची झोप अर्धा तास, तीनच्या आत. शरीर साधारण दिवसाला एक तास जुळवून घेतं, म्हणजे नऊ-दहा दिवस. दोन आठवडे उलटूनही ती अंथरुणातून उठत नसेल तर त्याला शीण म्हणू नका. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, यकृताच्या चाचण्या करून घ्या. आणि ती असंबद्ध बोलू लागली, हाक मारून नीट जागी होईना, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रश्न : वडिलांना सलाइनमधून केमो चालू आहे. मधल्या सुटीत दुबईला बहिणीकडे चार दिवस जाऊन आले. केमोला आज नऊ दिवस झाले. काल अंगात कसकस होती, क्रोसिन दिली, उतरली. पावसाळी ताप समजून गुळवेलीचा काढा देऊ का? (सिंहगड रस्ता)

उत्तर : केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळातल्या तापाला क्रोसिन देणं म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवणं. आधी तोंडात थर्मामीटर लावून मोजा, गरम चहानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबून. १००.४ अंश फॅरनहाइट तासभर टिकला, किंवा एकदाच १०१ दिसला, तर रात्र असली तरी कॅज्युअल्टी गाठा. ताप नसताना हुडहुडी भरली तरी तेच. दारातच पहिलं वाक्य बोला : "केमो चालू आहे, आज नववा दिवस, दुबईहून परतलेत." अशा रुग्णाला रक्ततपासणी आणि कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते वाढवून पाहण्याची चाचणी) घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं असतं, कल्चरच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. तुमच्याकडचा ताप एकदा येऊन गेला आहे, तेव्हा आजच डॉक्टरांना कळवा आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा.

पुण्याच्या पावसाळ्यात डेंग्यूची शंकाही घ्यावीच लागते. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही डेंग्यूची रक्तचाचणी उपयोगी पडते. प्लेटलेट केमोनेही पडतात आणि डेंग्यूनेही, म्हणून आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन आणि कमरेतलं इंजेक्शन टाळा. गुळवेल नको. तिच्यामुळे काही जणांच्या यकृताला इजा झालेली आहे, आणि केमोच्या काळात यकृतावर आधीच भार असतो. पाणी खळखळून उकळा. तुमच्याच भागात २०२५ च्या सुरुवातीला गीयन-बारे सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावरच गेला होता. भेटायला येणाऱ्यांपैकी ज्यांना सर्दी आहे, त्यांना दारातूनच नमस्कार करायला सांगा, वाईट वाटलं तरी.

प्रश्न : तीन महिने परदेशात असताना पोर्ट (केमोसाठी त्वचेखाली बसवलेली डबी आणि तिची नळी) फ्लश झाला नाही, म्हणजे आतून धुतला गेला नाही. आता घरी नर्स बोलावून केला तर चालेल? (औंध)

उत्तर : केमो डे-केअरमध्येच करा. पोर्ट वापरात नसला तरी ठरलेल्या अंतराने, अनेक ठिकाणी चार ते आठ आठवड्यांनी, फ्लश करतात. तीन महिन्यांत आत गुठळी धरलेली असू शकते. फ्लशसाठी ह्यूबर सुईच (पोर्टसाठीची खास सुई) लागते, आणि सिरिंज १० मिलिलिटरपेक्षा लहान नको, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त पडून नळी फाटू शकते. रक्त मागे येत नसेल तर जोर लावून ढकलू देऊ नका. पोर्टवर लाली, दुखणं असेल, किंवा फ्लशनंतर हुडहुडी भरली तर वरचाच तापाचा नियम.