अंदमानातला पाऊस आणि आपल्या रानातला वाफसा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

रोहिणी नक्षत्र लागले की आमच्या कार्यालयातील फोनचा सूर बदलतो. महिनाभरापूर्वी ठिबकचे अनुदान आणि पाण्याची पाळी यांविषयी विचारणारी तीच माणसे आता केवळ पावसाविषयी विचारतात. या आठवड्यात आलेल्या प्रश्नांतील चार प्रश्न एकाच मुळाचे असल्यामुळे त्यांचे उत्तर एकत्र देत आहे. वाळवा तालुक्यातील एका शेतकऱ्यांनी कळविले आहे की, ‘अंदमानात मान्सून दाखल झाला’ अशी बातमी टीव्हीवर आली, गावातील बियाण्याच्या दुकानापुढे तसा फलकही लागला. मग सोयाबीनची पेरणी कधी धरावी? तासगावच्या एका द्राक्षबागायतदारांना लक्षद्वीपजवळ कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याचे ऐकून बागेत लगेच फवारणी घ्यावी काय, असा प्रश्न पडला आहे. शिराळ्याच्या एका भगिनी विचारतात की, आम्ही भाताची धूळवाफ पेरणी कोरड्यातच करतो, मग सोयाबीनवाल्यांना तुम्ही थांबा का सांगता? आणि आटपाडीच्या एका मेंढपाळाचा प्रश्न वळवाच्या विजांविषयी आहे.

प्रथम अंदमानाविषयी. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्रीविजयपुरम, आपल्या सांगलीपासून सरळ रेषेत सुमारे दोन हजार किलोमीटरवर आहे आणि तेही बंगालच्या उपसागरात. नैऋत्य मोसमी वारे विषुववृत्त ओलांडून वर येताना भारताच्या हद्दीत प्रथम निकोबारला पोहोचतात, म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दरवर्षी ही बातमी येते. ती खरीच असते. मात्र तेथून पुढचा हिशेब आपण मनाने मांडतो आणि चूक तेथे होते. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मान्सून निकोबारला १९ मे रोजीच पोहोचला होता. त्यापैकी २०२४ मध्ये तो ३० मे रोजी केरळात आणि ९ जूनला मुंबईत आला. २०२३ मध्ये मात्र केरळात यायलाच ८ जून उजाडला आणि मुंबई गाठायला २५ जून लागला. तारीख तीच, पण वाळव्याच्या शेतकऱ्यासाठी दोन्ही वर्षांत जवळपास पंधरवड्याचा फरक पडला. पंधरवडा म्हणजे पेरलेल्या सोयाबीनचे उगवणे किंवा मातीत कुजणे. अंदमानातील आगमनाची तारीख आणि केरळातील आगमन किंवा हंगामातील एकूण पाऊस यांचा परस्परांशी संबंध आढळत नाही, हे भारतीय हवामान विभाग स्वतःच आपल्या निवेदनात सांगत असतो. बातमी देताना नेमके तेवढेच वाक्य गळते.

मग ती बेटांवरची सूचना कोणासाठी असते? ती तेथील माणसांसाठी असते आणि त्यांच्या दृष्टीने ती अत्यंत मोलाची असते. आठवड्याच्या अंदाजात ‘ताशी ३५ ते ४५ किलोमीटर वेगाचे सोसाट्याचे वारे, झोत ५५ किलोमीटरपर्यंत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ असे शब्द आले की लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटाच्या किनाऱ्यावरील होड्या वाळूवर ओढून घेतल्या जातात. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणाऱ्या बोटी थांबू शकतात आणि वाणसामान आधीच भरून ठेवावे लागते. तेथील लोक गळाने कुपा मासा पकडतात, प्रवाळाच्या वाळूत नारळ घेतात, आणि मे महिन्याच्या उत्तरार्धापासून समुद्र खवळलेला राहिला की मासेमारी बहुतांशी आटोपती घेतात. त्यांच्या दृष्टीने पाऊस किती पडला यापेक्षा वारा कोणत्या दिशेने व किती वेगाने सुटणार, हे महत्त्वाचे. आपल्याला मात्र वाऱ्याशी कमी आणि ओलीशी जास्त कर्तव्य आहे. दुसऱ्याच्या होडीसाठी दिलेला इशारा आपल्या पेरणीच्या कुरीला लावू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तरीही या बेटांपैकी दोन बेटांचा आपल्याशी एक धागा आहे, आणि तो मला नेहमी गमतीचा वाटतो. केरळात मान्सून आला असे जाहीर करण्यासाठी हवामान विभाग १४ ठिकाणांचा पाऊस पाहतो. १० मेनंतर त्यांपैकी किमान ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला पाहिजे. त्याबरोबर पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांची खोली व वेग आणि ढगांचे आच्छादनही ठरलेल्या मापात बसले पाहिजे. या चौदा ठिकाणांत मिनिकॉय आणि अमिनी ही लक्षद्वीपची दोन बेटे आहेत. मिनिकॉय आपल्या जवळपास सरळ दक्षिणेस, हजार किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा बेटांकडे पाहायचेच असेल, तर बंगालच्या उपसागराऐवजी अरबी समुद्रातील बेटांकडे पाहावे; आपला पाऊस त्या शाखेचा आहे.

आता तासगावच्या प्रश्नाकडे वळतो. लक्षद्वीपजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, याचा अर्थ आपल्याकडे पाऊस येणार असा सरळ होत नाही. ते पुढे कोणती वाट धरते, यावर सारे अवलंबून असते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ लक्षद्वीपजवळ जन्मले आणि कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत १७ मेच्या रात्री गुजरातेत धडकले. त्याच्या वाटेवर आपल्या घाटमाथ्यालाही वारा-पावसाने झोडपले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ थेट रायगडच्या किनाऱ्यावर आले. परंतु जून २०२३ मधील बिपरजॉय दूर समुद्रातून रेंगाळत वर गेले आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ पोहोचले. वाटेत त्याने बाष्प स्वतःकडे ओढून घेतले आणि ११ जूनला दक्षिण कोकणात पोहोचलेला मान्सून तेथेच खोळंबला. तीन वादळे, तिघांचा जन्म अरबी समुद्रात, आणि आपल्या वाट्याला आलेले फळ तीन प्रकारचे. त्यामुळे ‘कमी दाब’ हा शब्द ऐकल्याबरोबर पंप भरण्याची गरज नाही.

बागेत मात्र दुसरे काम आहे आणि ते वादळाची वाट न पाहता करायचे आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेल्या बागांत सध्या सूक्ष्म घडनिर्मितीचा, म्हणजे पुढचे घड काडीच्या डोळ्यात आकार घेण्याचा, काळ चालू आहे. या दिवसांत सलग ढगाळ हवामान राहिले आणि काड्यांची गर्दी असली, तर डोळ्यावर ऊन पोहोचत नाही आणि त्याचा फटका ऑक्टोबर छाटणीनंतर घड मोजताना कळतो. म्हणून जादा काड्यांची विरळणी, बगलफुटी काढणे आणि शेंडा मारणे ही कामे या आठवड्यात उरकावीत. नत्र आणि पाणी आवरते घ्यावे. वळीव पडून गेल्यावर कोवळी पाने कित्येक तास ओली राहिली, तर करपा आणि डाऊनी (केवडा) या बुरशीजन्य रोगांचा धोका खरा असतो. तेव्हा फवारणीचा निर्णय टीव्हीच्या नकाशावर न घेता सकाळी दहाच्या सुमारास वेलीखाली उभे राहून पानाची खालची बाजू उलटून पाहून घ्यावा. पान ओले असेल तर थांबावे. पान कोरडे झाले असेल आणि कोवळी फूट भरपूर असेल, तर आपल्या मंडळातील सहायक कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने संरक्षक फवारणी घ्यावी.

सोयाबीनचा प्रश्न सर्वांत जास्त जणांचा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. शिफारस सर्वांना पाठ आहे, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. पण ७५ मिलिमीटर कोठे झाला पाहिजे? तुमच्या रानात झाला पाहिजे, तालुक्याच्या सरासरीत झालेला उपयोगाचा नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तेथून सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या म्हसवडला त्याचा दहावा भागही पडताना मारामार होते. सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या आपल्या मुलुखात तर एका शिवाराचे ओढ्याअलीकडचे रान भिजते आणि पलीकडचे कोरडे राहते. यावर उपाय फुकटचा आहे. सरळ काठाचा, बूड आणि तोंड सारख्या रुंदीचे असलेला पत्र्याचा डबा झाडापासून व भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी त्यात पट्टी बुडवून पाहावी. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. हा आकडा वहीत लिहून ठेवावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, एवढे लक्षात ठेवले तरी वीस मिलिमीटरच्या एका सरीने आपण किती हुरळून जायचे, हे समजते.

डब्याचा आकडा जमला, तरी अखेरचा निकाल मातीचा. खुरप्याने किंवा टिकावाने वीतभर खड्डा घ्यावा. वरची दोन-तीन बोटे ओली आणि खाली फिकट, कोरडी माती लागली, तर वळवाने तुम्हाला फसविले आहे असे समजावे. ओल सलग खालपर्यंत उतरली असेल, तर मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. गोळा झालाच नाही, तर ओल कमी. गोळा पडून तसाच चपटा राहिला आणि हाताला चिखल लागला, तर ओल जास्त. पडल्यावर तो मोकळा फुटला, म्हणजे वाफसा, पेरणीजोगी ओल. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत आला, आपल्याकडेही मेअखेर धो-धो पाऊस झाला आणि कुळवाच्या पाळ्या राहून गेल्या. त्या वर्षी पाऊस कमी नव्हता, वाफसा मिळत नव्हता. घाईने चिखलात पेरलेल्या रानावर पुढे ऊन पडून पापडी धरली आणि कोंब खालीच मोडले, हे मी स्वतः बांधावर बसून नखाने पापडी उचलून पाहिले आहे.

दरम्यान थांबायचे म्हणजे रिकामे बसायचे नाही. घरच्या बियाण्याची उगवण तपासण्यास हाच आठवडा योग्य आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून गुंडाळी करावी, ती सावलीत ओलसर ठेवावी आणि सहा-सात दिवसांनी सशक्त कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक निघाले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ७० च्या खाली दर एका टक्क्यामागे साधारण अर्धा किलो वाढवावे, आणि ६० च्याही खाली गेले तर ते बियाणे पेरणीस वापरू नये. आपल्याच जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राचे ‘फुले संगम’ आणि ‘फुले किमया’ हे वाण बहुतेकांच्या घरी आहेत. ते असतील तर पिशवीच्या नावासाठी धावपळ करण्याचे कारण नाही. सोयाबीनचे साल पातळ असते, म्हणून पोती आपटू नयेत आणि एकावर एक उंच थप्पी लावू नये. पेरणीसाठी १५ जुलैपर्यंत मुदत आहे, हे फलक पाहून अस्वस्थ झालेल्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

यातूनच शिराळ्याच्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर निघते आणि त्यांचा प्रश्न सर्वांत मार्मिक आहे, हे मान्य करतो. भाताच्या दाण्याला तूस असते. पूर्ण कोरड्या धुळीत तो काही दिवस निपचित पडून राहू शकतो आणि शिराळ्याच्या पश्चिमेस पाऊस एकदा लागला की तो सहसा सुटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या केलेली धूळवाफ ही त्या विशिष्ट जमिनीची आणि त्या विशिष्ट पावसाची बेरीज आहे. सोयाबीनच्या दाण्यात तेल जास्त, साल नाजूक. अर्धवट ओल मिळाली की तो फुगतो, आणि पुढची ओल न मिळाल्यास सडतो. म्हणून धूळवाफ शिराळ्यात करावी, कडेगाव-पलूसच्या काळ्या रानात सोयाबीनसाठी तिची नक्कल करू नये. भातवाल्यांनीही रान अर्धवट ओले असताना कुरी धरू नये. एक तर पूर्ण कोरडे, नाही तर पूर्ण वाफसा. हळदीची लागण ज्यांच्याकडे विहिरीचे पाणी आहे त्यांनी चालू ठेवण्यास हरकत नाही.

आठवड्याचा अंदाज वाचताना त्यातील शब्दांना मापे असतात, हे ध्यानात असावे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातील चौथाई किंवा त्याहून कमी ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत. आणि ‘बहुतांश ठिकाणी’ त्याच्याही पुढे. ‘जोरदार पाऊस’ असे अंदाजात असेल, तर चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे. तेव्हा ‘सांगली जिल्ह्यात तुरळक ठिकाणी’ हे वाचून जतच्या शेतकऱ्याने पाऊस आपल्याकडेच येईल असे धरू नये, आणि आला नाही म्हणून अंदाज खोटा ठरला असेही म्हणू नये. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मोबाईलवर ‘मेघदूत’ ॲपमध्ये तो मराठीत वाचता येतो.

आटपाडीच्या मेंढपाळ बांधवांनी मात्र वळवाला सर्वांत गंभीरपणे घ्यावे, कारण या दिवसांत दुपारी चारच्या सुमारास उठणारा काळा ढग त्यांच्या अंगावर उघड्या माळावरच येतो. ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता आधी कळविते. ते कळपासोबतच्या एकाच्या तरी मोबाईलवर असावे. गडगडाट ऐकू येताच एकट्या बाभळीखाली किंवा लोखंडी तारेच्या कुंपणाजवळ थांबू नये, मेंढरे एका गठ्ठ्यात न ठेवता पांगवावीत, आणि आडोसा नसेल तर दोन्ही पाय जुळवून, डोके गुडघ्यांत घेऊन उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे झोपू नये.

पुढील आठवड्यात प्रश्न पाठविताना गावाचे नाव, जमीन हलकी, मध्यम की भारी, आणि डब्यात त्या आठवड्यात एकूण किती सेंटिमीटर पाणी जमले, हे तीन तपशील अवश्य लिहावेत.

आपला,
तालुका कृषी अधिकारी