जुन्या आउटबोर्डचा स्पार्क: प्लग हेडला टेकवून नको, पाव इंच उडवून बघा

तुम्ही लिहिलंय की 1956 चं जॉन्सन सीहॉर्स, बोटीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन आहे, 10 हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर. प्लग हेडला टेकवला की दोन्हीकडे ठिणगी दिसते, पण इंजिन चालू होत नाही आणि खालच्या सिलिंडरची ठिणगी मध्येच जाते. दोन्ही कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या गुंडाळ्या) मागवू का, असा प्रश्न आहे. एवढ्यात मागवू नका.

प्लग टेकवून दिसलेल्या ठिणगीवर काहीच ठरत नाही. प्लगचा गॅप 0.030 इंच आणि बाहेर मोकळी हवा. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, तिथे तोच गॅप ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून पॉइंटवाल्या (उघडझाप करणाऱ्या संपर्कांच्या) मॅग्नेटोचा, म्हणजे फ्लायव्हीलच्या चुंबकांवर बॅटरीशिवाय वीज तयार करणाऱ्या यंत्रणेचा, स्पार्क उघड्या हवेत पाव इंच, म्हणजे साधारण 6 मिमी उडायला हवा. गॅप कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर स्वस्तात मिळतो. नाहीतर कोरड्या लाकडी पट्टीवर टोकदार खिळ्यांच्या दोन जोड्या पाव इंच अंतरावर समोरासमोर ठोका. प्रत्येक जोडीतला एक खिळा प्लगच्या वायरला जोडा आणि दुसरा इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला अर्थ करा.

पेट्रोलची नळी काढून टाकी लांब ठेवा. दोन्ही प्लग काढा, म्हणजे कॉम्प्रेशन नसल्यामुळे फ्लायव्हील (इंजिनच्या वरचं जड चाक) जोरात फिरेल. टेस्टर प्लगच्या भोकांपासून दूर हवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. दोन्ही वायर टेस्टरला जोडल्याशिवाय दोरी ओढू नका. वायर मोकळी राहिली तर स्पार्क कॉइलच्या आतूनच वाट काढतो आणि चांगली कॉइल जाते. आता जोरात ओढा. निळी, कडक आवाजाची ठिणगी प्रत्येक फेऱ्याला उडाली पाहिजे.

ही तपासणी इंजिनचा वेग बदलायचा लिव्हर स्लोवर ठेवून एकदा आणि फास्टवर ठेवून एकदा करा. लिव्हरबरोबर मॅग्नेटोची प्लेट फिरते आणि तिच्याखालच्या वायर दर वेळी वाकतात. इतक्या वर्षांनी त्यांचं इन्सुलेशन तडकतं आणि एका ठराविक जागी वायर अर्थ होते. तुमच्या मध्येच जाणाऱ्या ठिणगीचं कारण मी आधी इथेच शोधेन. इंजिनला स्टॉप बटन किंवा कटआउट स्विच बसवलेला असेल तर त्याच्या वायरही तेवढ्यापुरत्या सोडवा.

तरीही स्पार्क कमजोर असेल तर फ्लायव्हील काढावं लागेल. त्यावर पुलरसाठी (चाक ओढून काढायच्या साधनासाठी) आटे पाडलेली तीन भोकं आहेत, तीच वापरा. कडेला पकडणाऱ्या पुलरने फ्लायव्हील वाकतं.

आत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल, वेगळे पॉइंट, वेगळा कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यांच्यावरची ठिणगी दाबणारा भाग). इंजिन बरेच दिवस पडून असेल तर बहुतेक वेळा दोष पॉइंटवरच्या पातळ ऑक्साइडच्या थराचा असतो. तो डोळ्यांना दिसतही नाही. 400 नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी दोन-चार वेळा हलकेच ओढा. एमरी वापरू नका, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. मग क्रँकशाफ्ट फिरवून पॉइंट सगळ्यात जास्त उघडतील तिथे थांबा आणि गॅप 0.020 इंच ठेवा. 0.020 ची फीलर पट्टी (फट मोजायची ठराविक जाडीची पट्टी) किंचित अडकत सरकली पाहिजे, 0.022 ची जाता कामा नये. फीलर पट्टीला तेल असतंच, ते पॉइंटवर राहतं. म्हणून गॅप लावल्यावर जाड कागदाची पट्टी अॅसिटोनमध्ये भिजवून पॉइंटमधून ओढा, शेवटी एक कोरडी पट्टी ओढा आणि कागद स्वच्छ येईपर्यंत थांबू नका. नवीन पॉइंटही असेच पुसायचे, त्यांच्यावर गंज न लागण्यासाठी थर दिलेला असतो.

मीटरने पॉइंट तपासताना कॉइल आणि कंडेन्सरच्या वायर पॉइंटवरून सोडा. न सोडल्यास पॉइंट उघडे असतानाही कॉइलचा एखादा ओहम दिसतो आणि आपण उगाच फसतो. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या. दोन्ही कंडेन्सरची अदलाबदल करून बघा, दोष दुसऱ्या सिलिंडरकडे गेला तर उत्तर मिळालं.

कॉइलच्या बाबतीत मीटरवर विसंबू नका. ओहम बरोबर येऊनही तडकलेली कॉइल भाराखाली स्पार्क आतल्या आत अर्थ करते. त्या काळच्या कॉइलच्या आवरणाला भेगा दिसल्या की ती बदलाच. नवीन बसवताना तिच्या पत्र्यांची बाहेरची कड प्लेटवरच्या मशीन केलेल्या उंचवट्यांशी बोटाला एकसारखी लागली पाहिजे. बाहेर राहिली तर फ्लायव्हीलचे चुंबक घासतात, आत गेली तर स्पार्क कमजोर पडतो.

प्लगची वायर तांब्याच्या तारेचीच घ्या. कॉइलमधला खिळा त्या तारेत घुसतो, गाडीच्या कार्बनच्या वायरीत तो पकडच घेत नाही.

फ्लायव्हील परत बसवताना शाफ्टचा आणि फ्लायव्हीलचा टेपर (एकमेकांत बसणारा निमुळता भाग) दोन्ही कोरडे पुसा, तेल अजिबात नको. फ्लायव्हील शाफ्टवर ठराविक जागी धरणारी चावी अर्धवट कापली गेली असेल तर नवीन टाका, कारण तेवढ्यानेही टायमिंग सरकतं आणि पाव इंचाचा उत्तम स्पार्क असूनही इंजिन उलटा झटका देतं. नट टॉर्क रेंचने आवळा आणि प्लग बसवण्याआधी टेस्टर लावून लिव्हरच्या दोन्ही जागी पुन्हा एकदा ओढून बघा.