कुत्र्याचा पाय काढायचा ठरलाय, तर हे वाचा

ताई, हाडाच्या कॅन्सरमुळे कुत्र्याचा पाय काढायला कचरू नका. हे दुखणं साध्या गोळ्यांना दाद देत नाही. पाय गेला की ते मुळासकट जातं. आधी छातीचा एक्स-रे मात्र काढाच, हा आजार फुफ्फुसात पसरतो.

खरी परीक्षा घरातल्या शहाबादी फरशीवर. तीन पायांवर तो हमखास घसरतो, म्हणून पाणी आणि अंगणाच्या वाटेवर रबरी मॅट टाका. जुन्या सोलापुरी चादरीची पट्टी करून पोटाखालून घ्या, दोन्ही टोकं वर धरून त्याला लघवीला न्या. टाक्यांना ती घासता कामा नये. आपल्या उन्हाळ्यात फिरवणं पहाटेच. वजन वाढू देऊ नका, उरलेल्या पायांवरच भार येतो.

केमो साधारण दर 3 आठवड्यांनी असते. आठवडाभराने पांढऱ्या पेशी घटतात. तेव्हा ताप आला, मलूल पडला तर रात्रीसुद्धा डॉक्टरांना फोन करा. प्रत्येक केमोनंतर सुरुवातीचे काही दिवस लघवी-शी हातमोजे घालूनच उचला. आपली कॉम्बिफ्लाम, क्रोसिन चुकूनही देऊ नका.

पूर्ण बरा होणं विरळच. नुसत्या ऑपरेशनने बहुधा चार-पाच महिने, केमोसह दहा-बारा. मला विचाराल तर ते बिनदुखण्याचे महिने त्याला द्यावेत.