जुन्या ट्रकचे नट-बोल्ट : वाचकांची प्रश्नोत्तरे

जुना ट्रक पुन्हा उभा करणाऱ्यांच्या प्रश्नांत एकच गल्लत वारंवार दिसते. बोल्ट दिसायला मूळचा हवा, एवढंच विचारलं जातं. तो कुठे बसतो आणि किती ताण सोसतो, हे मात्र प्रश्नात सहसा नसतंच. या वेळच्या काही प्रश्नांची उत्तरं देतो.

अर्धा इंची नवा बोल्ट जुन्या नटात दोन-तीन आटे जातो आणि अडतो. टॅप (आटे कापायचं हत्यार) फिरवून मोकळा करू का?

नको. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या) बोल्टला इंचाला १२ आटे असतात, अमेरिकी जाड आट्याच्या बोल्टला १३. तुमच्याकडे बहुधा एक या जातीचा आणि दुसरा त्या जातीचा आलाय. पाव, ५/१६ आणि ३/८ इंचात फसगत जास्त होते. तिथे आट्यांची संख्या दोन्हीकडे सारखी असते, पण आट्याचा कोन व्हिटवर्थला ५५ अंशांचा आणि अमेरिकीला ६० अंशांचा. त्यामुळे नट फिरतो, पण आट्याला आटा नीट टेकत नाही. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने १९४८ मध्ये एकच पद्धत ठरवली, तरी कारखाने हळूहळूच बदलले. म्हणून नुसत्या सालावरून अंदाज बांधू नका. पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) आणि व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) लावा. तरीही शंका राहिली तर दोन्ही तुकडे चांगल्या टर्नरला दाखवा.

डाव्या बाजूच्या चाकांचे नट कितीही जोर लावला तरी सुटत नाहीत.

उलटे आटे असतील, म्हणजे नट नेहमीच्या उलट दिशेने, उजवीकडे फिरवल्यावर सुटेल. स्टडच्या (नट ज्यावर बसतो त्या दांड्याच्या) टोकावर इंग्रजी ‘एल’ अक्षर आहे का ते आधी पाहा.

सगळे मूळ बोल्ट ॲसिडमध्ये धुऊन झिंक प्लेटिंग करून आणले. स्टिअरिंगचे बोल्ट आणि पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्या आवळणारे) यू-बोल्टही त्यातच होते. प्लेटिंगवाला म्हणतो, नव्यासारखे झाले. लावू ना?

दार, मडगार्ड, फळ्या यांचे साधे, मऊ पोलादाचे बोल्ट खुशाल लावा. स्टिअरिंगचे आणि यू-बोल्ट लावू नका.

ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो. मऊ पोलाद तो सोसतं. कडक पोलाद, म्हणजे साधारण १०.९ (बोल्टच्या डोक्यावरचा ताकदीचा आकडा) आणि त्यावरच्या दर्जाचं, ताणाखाली आतून तडकू लागतं. आवळताना काहीच कळत नाही, टॉर्क पानाही बरोबर आकडा दाखवतो. काही तासांनी किंवा काही दिवसांनी बोल्टचं डोकं तुटून पडतं. यावरचा उपाय म्हणजे प्लेटिंग झाल्यावर काही तासांतच बोल्ट भट्टीत घालून साधारण २०० अंश सेल्सिअसला बराच वेळ ठेवणं. तुमच्या प्लेटिंगवाल्याने हे केलं का, कधी केलं, किती वेळ केलं? लेखी सांगता येत नसेल तर केलं नाही असंच धरा. महिन्याभराने भट्टीत घातल्याने पडलेली चीर सांधत नाही.

कडक बोल्टचा गंज ब्लास्टिंगने काढावा, आणि लेप हवाच असेल तर झिंक फ्लेकचा (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा) द्यावा. तो विजेच्या टाकीत चढवावा लागत नाही. यू-बोल्टचा तर प्रश्नच नाही. ते एकदा ताणले गेलेले असतात, पाटे उघडले की नवेच घालायचे आणि थोडं चालवून पुन्हा आवळायचे. मूळचे नमुना म्हणून जपून ठेवा. स्टिअरिंग आणि ब्रेकचं काम शेवटी जड वाहनांच्या अनुभवी मेकॅनिककडून तपासून घ्या, त्याआधी ट्रक रस्त्यावर काढू नका.

आणखी एक. जुन्या बोल्टांवर कॅडमियमचा लेप असू शकतो. त्यांना ग्राइंडर किंवा गॅसची ज्योत लावू नका. ती धूळ आणि तो धूर विषारी असतो.

पाकिटावर ‘ओरिजिनल स्टाइल, ग्रेड ८’ लिहिलंय, डोक्यावर सहा रेघाही आहेत. भरवसा ठेवू?

‘ओरिजिनल स्टाइल’ हे शब्द फक्त आकाराबद्दल बोलतात, ताकदीबद्दल नाही. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८, हे खरं. पण रेघा कोणीही ठोकू शकतो. खोट्या खुणांच्या बोल्टांचा सुळसुळाट झाल्यामुळेच अमेरिकेत १९९० मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. डोक्यावर रेघांसोबत उत्पादकाची खूण पाहा आणि लॉट क्रमांकासह चाचणी प्रमाणपत्र मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर दुसरा शोधा.

सगळीकडे स्टेनलेस वापरलं तर?

नंबर प्लेटला चालेल. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ दर्जाच्या बोल्टपेक्षा कमी ताणाला कायमचा लांबतो, आणि त्याचे आटे आवळता आवळता एकमेकांना चिकटून बसतात.

चौकोनी डोक्याचे, क्लच हेडचे (डोक्यात बो-टायसारखी खाच असलेले) जुने स्क्रू मिळतच नाहीत. कुठे शोधू?

आधी ट्रकच्या कंपनीचं पार्ट्स कॅटलॉग मिळवा. व्यास, आटे, लांबी तिथे कळली तर निम्मा शोध संपतो. मग त्याच मॉडेलचा भंगारातला ट्रक पाहा. डॅशबोर्डमागचे, केबिनच्या आतले स्क्रू बहुतेकदा गंजलेले नसतात. क्लच हेड जनरल मोटर्सच्या जुन्या ट्रकांत भरपूर वापरले गेले, तेव्हा त्या गाड्यांच्या क्लबमध्येही विचारा. नाहीच मिळालं तर बॉडीचे स्क्रू लेथवर करून घ्या. वजन पेलणाऱ्या जागी मात्र लेथवर केलेला बोल्ट किंवा खुणा घासून जुना भासवलेला बोल्ट लावू नका. तिथे दर्जाची खूण असलेला नवा बोल्टच हवा. प्रश्न पाठवताना बोल्टशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि तो कुठून काढला हे लिहा, नाहीतर नक्की उत्तर देता येत नाही.